जिल्ह्यापुरता नियम

डोणगाव मागं पडलं तसा संयम पहिल्यांदा बोलला. सकाळी नाशिक सोडल्यापासून या माणसानं तोंडातून शब्द काढला नव्हता.

"दादा, जिल्ह्याचा फलक आला की गाडी थांबव."

नमननं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. थोरला भाऊ लहानपणापासून हेच करत आला होता. जे पटत नाही ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नसे. पुढच्या सीटवर त्याची बायको त्रिशला मोबाईलमधले कालचे फोटो एकेक करून पुसून टाकत होती. द्राक्षांचे मळे, तळ्याकाठचा झोपाळा, हातात काचेचे पेले. काल हेच फोटो कधी एकदा स्टेटसला टाकते असं तिला झालं होतं.

मागच्या सीटवर संयमशेजारी चेतना बसली होती. नवऱ्याच्या तोंडाचा दारूचा वास तिला चौदा महिन्यांनी येत होता. चौदा महिने काही थोडे नव्हेत हो. एवढ्या दिवसांत बाईला वाटायला लागतं, सुटलो आपण. दोघांच्या पायांशी पुठ्ठ्याचं खोकं होतं. काल त्यात सहा बाटल्या होत्या, आता तीन उरल्या होत्या.

"दादा, ऐकून राह्यला ना?"

"आता घरीच थांबू," नमन म्हणाला. "आई ताटं घेऊन बसली असंल. दिवस बुडायच्या आत पोचलं पाह्यजे."

"हे पोटात घेऊन मी हद्दीत येत नाई."

"काय बोलून राह्यला बे तू?"

"माझा नियम आहे. मी तो मोडला नाई, अन् मोडणार बी नाई. थांबव."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. काल चार मळ्यांवरची वाईन रिचवलेला माणूस आज नियमाच्या गोष्टी सांगतो! पण गाडीत कोणाला हसू आलं नाही. तो खरं बोलत होता, आणि ते तिघांनाही माहीत होतं.

तो नियम कसा आला हे दोघा भावांचे वडील फूलचंद शेठ यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. मागल्या वर्षीच्या थंडीत चेतना लेकीला घेऊन माहेराहून येत होती. त्यांना घ्यायला जऊळक्याच्या स्टेशनावर गेलेला नवरा तिला फलाटावर आडवा पडलेला सापडला. तोंडाशी माश्या घोंगावत होत्या. पाच वर्षांची संस्कृती म्हणाली, "पप्पा झोपले." आठच दिवसांनी गावात, शिरपूरला, जैन महाराजांचा मुक्काम पडला. सासूबाई कंचनबाईंनी लेकाच्या हाताला धरून त्याला महाराजांपुढं उभं केलं, श्रीफळ ठेवलं. महाराजांनी विचारलं, "आजन्म त्याग करशील?"

संयमनं हात जोडले. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण तोंडातून हो निघेना. तिथं कंचनबाईंचं काळीज हललं. हा पोरगा खोटं बोलणाऱ्यातला नाही. आज हो म्हणेल, उद्या त्याच्यानं राहवणार नाही, आणि घेतलेला नियम मोडण्याचं पाप न घेण्यापेक्षा कितीतरी मोठं. चाळीस वर्षं धान्याच्या दुकानावर बसलेली बाई ती. घासाघीस तिच्या रक्तातच. महाराजांपुढंही तिनं तीच केली.

"महाराज, लेकराले झेपंल असा द्या. जिल्ह्यापुरता द्या. वाशीम जिल्ह्याच्या हद्दीत पिणार नाई म्हून द्या. तो हद्दीबाहेर जातेच कुठी?"

महाराज म्हणाले, लहान नियम नीट पाळला तर मोठ्याची वाट आपोआप सापडते. आणि आशीर्वादाला हात उचलला.

नियम लागू पडला, हे कबूल करायलाच हवं. वैद्य झाले, गोळ्या झाल्या, अंगारे झाले, कशानं जे झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं. संयम दुकानावर बसायला लागला. संस्कृतीला शाळेत सोडायला लागला. फक्त तो कुठं बाहेर जाईना. अकोल्याला मामाच्या घरी लग्न निघालं तर याला ताप आला. हिंगोलीच्या बारशाला दुकानाचं काम निघालं. घरचे म्हणायचे, आळशी आहे, घरकोंबडा आहे. चेतनाही म्हणायची.

आणि हट्ट धरला तोही चेतनानंच. लग्नाला दहा वर्षं झाली, एकदा तरी मला कुठं न्या, असं ती महिनाभर बोलत राहिली. त्रिशलानं मोबाईलवर नाशिककडच्या वाईनच्या मळ्यांचे व्हिडिओ दाखवले. एका दिवसात चार-पाच मळे पाहायचे, बागेत राहायचं, परत यायचं. "पिणार कोण आहे वो? आपल्याले तर पाह्यचं आहे," त्रिशला म्हणाली होती. सासू-सासऱ्यांना सांगितलं, नाशिकजवळच्या गजपंथ तीर्थाच्या दर्शनाला जातो. तसे शनिवारी सकाळी गेलेही, नाही असं नाही. पाऊण तासात दर्शन उरकून गाडी मळ्यांकडं वळली.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना संयम तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता.

"चेतना, मले हद्दीबाहेर नेऊ नको."

ती हसली होती. "पाकिस्तानात चाललो काय आपण?"

ते हसणं काल दुपारपासून तिच्या घशात अडकलं होतं, गिळता येत नव्हतं. पहिल्याच मळ्यावर एका चुणचुणीत मुलीनं सगळ्यांपुढं पेले मांडले. त्रिशलानं विचारलं, "यात अंडं-बिंडं नाई ना?" सगळे हसले, नमनसुद्धा. तेवढ्यात संयमनं पेला उचलला.

"अहो," चेतना दबक्या आवाजात म्हणाली, "नियम."

"नियम वाशीम जिल्ह्याचा आहे." त्याच्या आवाजात ना मजा होती ना मस्ती. "मी सांगतलं होतं तुले."

पेला त्यानं एका घोटात रिकामा केला. मुलगी म्हणाली, "सर, आधी वास घ्यायचा असतो." पुन्हा सगळे हसले.

फलक दिसला. नमननं पाय ॲक्सिलरेटरवरून काढलासुद्धा नाही. संयमनं चालत्या गाडीचं दार उघडलं. चेतना किंचाळली, नमननं करकचून ब्रेक दाबला, आणि फलकाच्या वीस पावलं अलीकडं गाडी आडवी होऊन थांबली. संयम खोकं घेऊन उतरला. रस्त्याकडेला टिनाचं छप्पर टाकलेलं चहाचं दुकान होतं, तिथल्या बाकड्यावर जाऊन बसला.

"तुमी जा," तो म्हणाला. "मी उद्या येतो."

नमननं आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग दंडाला धरून ओढलं. संयम उठला नाही. शेवटी नमननं खिशातून फोन काढला आणि शिरपूरला बाबूजींना लावला.

"कायले सांगता त्याईले?" त्रिशलानं त्याचा हात धरला. "म्हातारी मानसं आहेत. गजपंथाचं काय सांगसान?"

"मंग तू उचल त्याले!"

फोन लागला. आता झाकपाक संपली, हे चेतनाला कळलं. एका परीनं तिला बरंही वाटलं.

चहावाली चतुराबाई म्हणून म्हातारी होती. असले तमाशे तिनं पुष्कळ पाहिले असावेत. न विचारता तिनं चार चहा ठेवले आणि म्हणाली, "माझं अर्धं हॉटेल बुलढान्यात, अर्धं वाशीमात. बसा कुठीबी." फलकापलीकडं लोक विळ्यांनी हरभरा सोंगत होते. ऊन अजून बरंच होतं. चेतना नवऱ्याशेजारी बसली. दहा वर्षांत असं बाकड्यावर शेजारी शेजारी दोघं कधी बसली नव्हती.

"उद्या सकाळी अंगातून उतरलं की आंघोळ करून येतो," तो म्हणाला. "डोणगावले लॉज आहे. पह्यल्या येस्टीनं येतो."

"अन् या तीन बाटल्या?"

त्यानं खोकं पायानं जवळ ओढलं.

"बोला ना. या फेकून देता?"

"फेकल्या जात नाईत, चेतना. खोटं कायले बोलू? इथंच संपवीन, अन् मंग येईन."

"अन् येत्या शनवारी परत याल. वीस मैलावर तर हद्द आहे. दर शनवारी याल."

"मले नाई माहीत." त्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळे लाल होते, पण नजर थाऱ्यावर होती. "हद्दीच्या आत असलो की मले याद बी येत नाई, खरं सांगतो. जीव थंड असते. लोक समजते, मी लय मोठा झालो, सोडली. मी काई नाई सोडली. मले कुंपन आहे फक्त. कुंपनाच्या आत मी तुझा नवरा आहे, पोरीचा बाप आहे. बाहेर मी कोन आहे ते मलेच माहीत नाई. म्हून म्हणत होतो, नेऊ नको."

"असं सरळ काहून नाई सांगतलं मंग?"

"सांगतलं. तू हसली."

तिला रडू आलं नाही, राग आला. त्याचा आला, स्वतःचा आला, सासूच्या त्या घासाघिशीचा आला. सगळे राग एकदम आले की माणसाला कोणता कोणाचा ते कळत नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मम्मी, कुठी आहे तुमी? आजी आजोबा गाडी काढून गेले," संस्कृती विचारत होती. "पप्पाले दे ना फोन."

चेतनानं फोन पुढं केला. संयमनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मान हलवली. तोंडाचा वास फोनमधून पोरीला जाईल, अशी भीती वाटल्यागत.

"पप्पा गाडी चालवून राह्यले बेटा," चेतना म्हणाली. "तू जेवून घे."

पाऊण तासानं दुकानाची पिकअप आली. दुकानातला गडी हेमसिंग चालवत होता. पुढच्या सीटवर सासू-सासरे दाटीवाटीनं बसले होते. गाडी फलकाच्या पलीकडं, वाशीमच्या बाजूला थांबली. फूलचंद शेठ उतरले ते सरळ तरातरा चालत आले. सत्तरीतही माणूस ताठ होता. कंचनबाई उतरल्या आणि फलकापाशी येऊन थांबल्या. पुढं आल्या नाहीत.

"ऊठ," शेठ लेकाला म्हणाले.

"बाबूजी, उद्या येतो."

"ऊठ म्हणतो ना मी!" त्यांनी कॉलर धरली. "गजपंथाचं नाव सांगून दारूच्या बागा पाह्यले गेले? थोरला बी अन् सुना बी? लाजा कुठी विकल्या तुमी?"

नमननं मान खाली घातली. त्रिशलानं पदर डोक्यावर घेतला. तिनं तो घेतलेला चेतनानं लग्नमांडवानंतर आत्ताच पाहिला.

"हात लावू नका त्याले!" पलीकडून कंचनबाई ओरडल्या. बारीक आवाजाची बाई, पण रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. "त्याचा नियम मोडवू नका! पोटात असताना आत आनला तर मोडते तो!"

"कशाचा नियम? दारूच्या थेंबाले जिल्हा असते काय? तूच दिला हा अर्धा नियम! देवापुढं बी तुझी सौदेबाजी!"

"अर्धा का होईना, चौदा महिने पाळला त्यानं. तुमी पुरा कोनता पाळला ते सांगा मले, मंग बोला."

शेठनी कॉलर सोडली. चाळीस वर्षांत बायको त्यांना चारचौघांत असं बोलली नव्हती. चेतनाला एकाएकी कळलं, ही म्हातारी उगाच पलीकडं उभी नाही. आपणच मागून घेतलेल्या त्या हद्दीला ती पहारा देत होती. लेकासाठी सुद्धा ती ओलांडणार नव्हती.

"बाळा," कंचनबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आता आजन्म घे. माझ्यासमोर घे, मी ऐकतो. देव सगळीकडं असते."

संयम उठून दोन पावलं पुढं आला. आई आणि लेक यांच्यात फलकाचे दोन खांब आणि दहा हातांचं अंतर होतं.

"घेतो म्हणलं, अन् मोडला तर, आई?"

कंचनबाईंनी हात जोडले.

"तूच भेली होती ना त्याले? बराबर भेली होती. माझ्याकडं एवढा एकच आहे. तो तरी अख्खा राहू दे. उद्या सकाळी येतो मी. तुझ्या पायाची आन."

"राहू द्या भाऊजीले," त्रिशला म्हणाली.

सगळे तिच्याकडं पाहायला लागले. घरात हिचं आणि संयमचं कधी पटलं नव्हतं. त्याच्या दारूवरून सगळ्यात जास्त टोमणे हिनंच मारले होते.

"एका रातीचाच तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "आमी दोघं राहतो त्याईच्या संगं डोणगावले. सकाळी घेऊन येतो. उतरंल तर मानूस आपल्या पायानं येईल. ओढून कायले नेता?"

"अन् सकाळी तो म्हणंल, आजून उतरली नाई, मंग?" नमन उसळला. "तू राह्यजो इथं जन्मभर!"

याच वेळेला शिरपूरकडं चाललेली एक जीप येऊन थांबली. आतून बबनरावांनी मान बाहेर काढली. दर हंगामाला यांच्याच दुकानावर सोयाबीन घालणारा माणूस.

"काय शेठ? गाडी बंद पडली काय?"

बबनरावांनी खोकं पाहिलं, संयमला पाहिलं, फलकापाशी उभ्या कंचनबाईंना पाहिलं. शहाणा माणूस, लगेच म्हणाला, "बरं, येतो मी," आणि जीप निघून गेली. पण जीपमध्ये आणखी सहा माणसं होती. दिवस मावळायच्या आत ही बातमी शिरपूरच्या बसस्टँडवर पोचणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शेठचा चेहरा काळा पडला. त्यांनी नमनकडं पाहिलं, नमननं त्यांच्याकडं. बापलेकांचं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नसेल. पण कंचनबाई पलीकडून हात जोडून उभ्या होत्या आणि त्रिशला संयमच्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली होती.

"चेतना," शेठ म्हणाले, "तुझा नवरा आहे. तू सांग."

दहा वर्षांत त्या घरात तिला कोणी काही विचारलं नव्हतं. पडद्याचा रंगसुद्धा नाही. आज विचारलं, ते हे.

तिनं संयमकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहत होता. बॅग भरताना पाहत होता तसाच. खरं म्हणजे त्रिशला म्हणत होती ते सरळ होतं. एक रात्र. पण चेतनाच्या डोळ्यांपुढं ती एक रात्र येईना, पुढचे सगळे शनिवार यायला लागले. आपण घरी, हा हद्दीवर. मग शनिवारचे दोन दिवस, दोनाचे चार, आणि एक दिवस पोरगी विचारणार, पप्पा कोणत्या गावाला राहतात. तिला भीती वाटली. थकवा आला. लोक पाहत होते त्याची लाजही वाटली, ते कशाला नाकारा. आणि मघाचा तो राग अजून तसाच होता.

"उचला," ती म्हणाली. "घरी न्या."

"चेतना!" कंचनबाई ओरडल्या.

"पाप लागलं तर मले लागू द्या, आई. नवरा मले घरी पाह्यजे."

नमननं आणि शेठनी दोन्हीकडून धरलं. पाठीमागून हेमसिंग आला. संयमनं आधी अंग सैल सोडलं होतं, पण फलकाजवळ येताच दोन्ही हातांनी लोखंडी खांबाला मिठी मारली. काही केल्या सुटेना. तिघं ओढत होते आणि तो सोडत नव्हता. शर्टाची बटणं तुटली. चतुराबाई म्हणत होती, "अवो, काय करून राह्यले लेकराचं?"

चेतना पुढं झाली. तिनं त्याची बोटं धरली आणि एकेक करून सोडवली. करंगळी आधी.

"चेतना, नको," तो म्हणाला. "पाया पडतो तुह्या. उद्या येतो म्हणलं ना. नको."

तिनं दुसरं बोट सोडवलं. मग तिसरं. संसारात तिच्या हातांनी पुष्कळ कामं केली, पण एवढं नेटानं कधी केलं नसेल.

त्याला पलीकडं नेलं. रस्ता तोच, डांबर तेच. पण संयमच्या अंगातला सगळा जोर एकाएकी गेला. त्यानं पाय टेकले, स्वतःच उभा राहिला, आणि इकडंतिकडं पाहिलं. कंचनबाई जमिनीवर बसल्या होत्या, पदरानं तोंड झाकून. अलीकडं राहिलेल्या खोक्याला शेठनी लाथ मारली. खोकं खड्ड्यात जाऊन पडलं, काचा फुटल्याचा आवाज आला. त्या आवाजानं संयमनं मानही वळवली नाही.

"चला," तो म्हणाला.

तो आपल्या पायानं गाडीत जाऊन बसला. चेतनाला वाटलं, झालं. कडू औषध पोटात गेलं. आता आठ दिवस रागावेल, रुसेल, मग ताळ्यावर येईल. पिकअप मागून येत होती. नमन तर चक्क मोकळा झाल्यासारखा बोलायला लागला. उद्यापासून मी याच्यावर लक्ष ठेवतो, दुकानाच्या चाव्या मी ठेवतो, मोबाईलही काढून घेऊ. त्रिशला खिडकीबाहेर पाहत होती. ती चेतनाशी एक शब्द बोलली नाही.

"पानी पाह्यजे काय?" चेतनानं नवऱ्याला विचारलं.

"नको."

"शर्ट घरी गेल्यावर बदला. संस्कृती पाहील."

"हो."

एवढा सरळ बोलला तो. तिचा जीव जरा भांड्यात पडला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. बोटांवर खांबाचा गंज लागला होता, ओरखडे होते. तिनं पदराच्या टोकानं ते पुसले. त्यानं पुसू दिले.

हद्दीच्या आतल्या, वाशीमकडच्या मालेगावला चौकात दोन एसट्या समोरासमोर आल्या आणि सगळी वाहनं अडकली. रविवारची गर्दी, भाजीवाले, उसाच्या रसाची गाडी. नमननं हॉर्न वाजवून पाहिला आणि सोडून दिला. सूर्य कलला होता, पण उजेड चांगला होता. अर्ध्या तासात घरी पोचलं असतं तर जेवणं वेळेत झाली असती.

"दादा, मी उतरतो," संयम म्हणाला.

"काहून? गाडी हलंल आता."

"ते समोरचं दुकान पाह्यलं?" त्यानं बोटानं दाखवलं. देशी दारूचं दुकान होतं, जाळी लावलेलं. बाहेर सात-आठ माणसं उभी होती. "चौदा महिने माल घ्याले मी याच चौकातून आलो गेलो. हप्त्यातून दोनदा. एकदा बी मान वर केली नाई."

त्यानं दार उघडलं. यावेळी घाई नव्हती. उतरून त्यानं शर्ट खाली ओढला, तुटलेल्या बटणांच्या जागी हातानं दोन्ही बाजू जुळवून धरल्या, आणि भाजीच्या पाट्यांमधून वाट काढत चालायला लागला.

"संयम! अबे संयम!" नमन ओरडत होता, पण त्याच्या बाजूनं ट्रॅक्टर टेकून उभा होता, दार उघडेना.

चेतना धावली. एक चप्पल गाडीतच राहिली. दुकानाच्या पायरीशी तिनं त्याची बाही धरली. उभी असलेली माणसं बाजूला सरकली. गावातलं बाईमाणूस इथं कधी येत नाही.

"अहो," ती म्हणाली, "अहो, नियम..."

संयम वळला. चेहऱ्यावर राग नव्हता.

"कोनता?" त्यानं विचारलं.

टोमणा नव्हता तो. तो थांबला होता, उत्तराची वाट पाहत होता. तिनं सांगितला असता तर त्यानं पाळलाही असता. जाळीमागच्या माणसानं विचारलं, "किती देऊ?"

मागं पिकअप येऊन थांबल्याचं आणि कंचनबाई तिला हाका मारत असल्याचं चेतनाला ऐकू येत होतं. तिनं बाही सोडली.